कोण, काय, कोठी: प्रश्न ऐकून चित्र दाखवायला शिकवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पट्ट्यातलं गाव, जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आणि दुसरीत बसणारा सात वर्षांचा मुलगा. ओळख पटू नये म्हणून गाव-तालुका सांगत नाही; मुलाला इथे दादू म्हणते. अंगणवाडीत असताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याला पुढच्या तपासणीला पाठवलं. ऐकू येतं का हे पाहणाऱ्या बेरा तपासणीत कान ठीक निघाले. मग इसा मापनीवर मध्यम स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) प्रमाणपत्र मिळालं. ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनी आहे. तिच्यात ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता धरत नाहीत, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दादूचं नाव गावच्या शाळेत आहे आणि विशेष शिक्षिका म्हणून मी आठवड्यातून दोनदा तिथे जाते.

शाळा सुरू झाली तेव्हा त्याला काय येत होतं ते आधी सांगते. सारखी चित्रं जोडणं पक्कं. नाव घेतलं की चाळीसेक चित्रांतून बरोबर चित्रावर बोट ठेवायचा. बोलणं चार-पाच शब्दांचं, तेही अर्धवट. काही हवं असेल तर हात धरून ओढत न्यायचा. एक गोष्ट लवकर ध्यानात आली. छापील कार्डावरचं चित्र 'बटाटा' म्हणून विचारलं तर तो गप्प. 'आलू' म्हटलं की लगेच बोट. म्हणजे न येणाऱ्या शब्दांपैकी काही त्याला येतच होते, आपण विचारत होतो दुसऱ्याच नावाने.

अडचण

आधीच्या वर्षीच्या आराखड्यात प्रश्न शिकवायला सुरुवात झालेली होती. पद्धत नेहमीचीच: काही दिवस फक्त 'कोण?', समोर माणसांची कार्डं आणि सोबत एखाददुसरं वेगळं. ते जमलं की फक्त 'कुठे?'. मग 'काय?'. वहीत प्रत्येक टप्प्यापुढे बरोबरच्या खुणांची रांग लागलेली. तिन्ही प्रश्न मिसळून विचारले तेव्हा १२ पैकी चार-पाच बरोबर आले. समोर तीन कार्डं असतील तर डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याचेही १२ पैकी साधारण चार बरोबर येतातच. दोनच कार्डं असती तर सहा आले असते आणि 'अर्धं येतं की' असं म्हणून आपण पुढे गेलो असतो. म्हणून दोन कार्डांवर घेतलेल्या चाचणीवर माझा भरवसा नाही.

घरचं म्हणणं अगदी वेगळं होतं. त्याची आई म्हणाली, "मॅडम, याले घरी समजते सारं. शाळेतच काहून करत नाही?"

एका दुपारी तिने करूनच दाखवलं. "आजा कोठी हाये?" म्हणजे आजोबा कुठे आहेत. दादूने ओट्याकडे पाहिलं, आजोबा तिथेच बसलेले. मी तिला म्हटलं, "ताई, अगदी असंच, याच आवाजात, 'आजा काय खाते' विचारून बघा." तिने विचारलं. दादूने पुन्हा ओट्याकडे पाहिलं. आईने मग आपणहून तिसरा प्रश्न टाकला, "आजा कवा येते?" नजर परत ओट्यावर. ती हसली नाही, रागावलीही नाही. "म्हंजे हा 'आजा'च आयकते," एवढंच म्हणाली. जे पटवायला मला तक्ता काढावा लागला असता ते तिने स्वतःच शोधलं, आणि पुढच्या सगळ्या कामात त्याचा फार उपयोग झाला.

तो कशाच्या आधारावर उत्तर देत होता

डिस्क्रिमिनेशन ट्रेनिंग म्हणजे फरक ओळखायला शिकवणं. इथे फरक दोन ठिकाणी ओळखायचा असतो. कानावर पडलेला प्रश्न कोणता, आणि त्या प्रश्नासाठी समोरच्या चित्रांपैकी कोणतं. 'कोण' म्हटलं की आजोबांचा फोटो बरोबर आणि वावराचा चूक. 'कोठी' म्हटलं की त्याच दोन फोटोंची बाजू उलटते. म्हणजे कुठलंही कार्ड कायमचं बरोबर नाही, प्रश्नावर ठरतं. मूल हे करतंय असं आपण धरून चालतो आणि ते भलत्याच खुणेवर चालत असतं. ती खूण सापडेपर्यंत नुसता सराव वाढवून हाती काही लागत नाही.

दादूच्या तीन खुणा सापडल्या. पहिली तक्त्यातच होती: ज्या कार्डावर नुकतंच बक्षीस मिळालं तेच पुन्हा दाखवायचं. एकच प्रश्न सलग विचारला जात असताना ही युक्ती शंभर टक्के चालते. वहीतल्या त्या रांगेचा उलगडा तिथेच झाला. दुसरी खूण विचारणाऱ्याचे डोळे. कार्डांकडे न बघता तक्त्यावर नजर ठेवून विचारलं की बरोबर उत्तरं घटायची. तिसरी तपासणी थोडी आगाऊपणाची होती. प्रश्नाच्याच सुरात मी "टिम?" असं विचारलं. ज्याला काही अर्थच नाही अशा शब्दाला तो गोंधळायला हवा होता. त्याने तितक्याच झटक्यात, तितक्याच खात्रीने, मघाच्या बक्षिसाच्या कार्डावर बोट ठेवलं. प्रश्न हा त्याच्यासाठी 'आता बोट ठेव' असा इशारा होता, त्यापलीकडे काही नाही.

समोरचे पर्याय

वर्गशिक्षक सरांचं मत होतं, "आधी शब्द वाढवा मॅडम, प्रश्न मागून पाहू." ते अगदीच चूक नव्हतं. चाळीस चित्रांवर प्रश्न उभे करणं म्हणजे पाया लहान. पण चित्रं ओळखण्यात दादू पुढे जातच होता, आणि त्यात प्रश्न ऐकावाच लागत नाही. शब्द ऐकला की भागतं. 'आजा'वर अडकण्याची सवय त्याने आणखी घट्ट झाली असती.

दुसरा पर्याय जुनीच पद्धत हळू चालवायची: एकेक प्रश्न पक्का, मग दोन मिसळायचे, मग तीन. पालकांना हे आवडतं, कारण पहिल्या दिवसापासून बरोबरच्या खुणा दिसतात. शिकवणाऱ्यालाही हुरूप येतो. पण त्या टप्प्यात प्रश्नाकडे लक्ष न देताही बक्षीस मिळतं, आणि तेच तर दादू वर्षभर शिकला होता. २०११ मध्ये संशोधक लॉरा ग्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांसोबत या दोन्ही वाटांची तुलना केली. सुरुवातीपासून मिसळून शिकवण्याची वाट जास्त भरवशाची ठरली. हाच तिसरा पर्याय आम्ही घेतला: तिन्ही प्रश्न पहिल्या बैठकीपासून मिसळून, आणि सुरुवातीला भरपूर मदत देऊन, म्हणजे चुका साचणार नाहीत.

टॅबलेटवरचं ॲप हाही पर्याय सुचवला गेला. त्यातला आवाज हिंदी-इंग्रजी, चित्रं समुद्रकिनाऱ्याची आणि मॉलची. त्यावर वेळ घालवला नाही.

खरी चर्चा झाली ती बोलीवर. पुस्तकात 'कुठे', घरात 'कोठी'. सरांना 'कुठे' हवं होतं. पुढे पाठ्यपुस्तकात तेच येणार. एरवी मी लगेच घराच्या बाजूने गेले असते, पण इथे एक पेच होता. मराठीतले सगळेच प्रश्नशब्द 'क'ने सुरू होतात, आणि 'कोण' व 'कोठी' तर 'को'पर्यंत हुबेहूब. ऐकण्यातच ज्याची गाडी अडते त्याला 'कोण' आणि 'कुठे' वेगळे ओळखणं सोपं. म्हणजे कानाच्या सोयीने पाहिलं तर सरांचं बरोबर होतं. तरीही आम्ही 'कोठी' घेतलं, कारण दादूला दिवसभर हा प्रश्न विचारणारी माणसं तो याच रूपात विचारतात. जे शाळेतल्या पाटीपुरतंच चालेल ते त्याला वापरायला कधी मिळणार? अडचणीवर तोड म्हणून सुरुवातीला शेवट ताणायचा, 'कोठीऽऽ', आणि 'कोण' तुटक म्हणायचं. मग ताण हळूहळू कमी करत नेहमीच्या उच्चारावर यायचं.

दुसरा निर्णय चित्रांचा. तिन्ही कार्डं एकाच प्रसंगातली हवीत, म्हणजे प्रत्येक कार्ड कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असेल आणि फक्त प्रश्नशब्दच निवाडा करेल. क्रियापदसुद्धा एकच हवं. 'कोण बसलं' आणि 'काय खाल्लं' असे प्रश्न ठेवले तर मूल 'बसलं'-'खाल्लं'वरून ओळखतं आणि 'कोण-काय' तसंच राहतं. घरात मोबाइलवर फोटो काढले, तालुक्याला छापून लॅमिनेट केले आणि तीन प्रसंग जुळवले:

माय, भाकर, टोपलं: कोण ठेवते? काय ठेवते? कोठी ठेवते?
आजा, कुटार (चारा), गव्हाण: कोण टाकते? काय टाकते? कोठी टाकते?
बाप, कापूस, बंडी (बैलगाडी): कोण भरते? काय भरते? कोठी भरते?

चौथा प्रसंग बैल गोठ्यात बांधण्याचा होता. दादूचा बैलांवर फार जीव, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तो पावसाळा संपेपर्यंत सोडत नाही. तरी तो प्रसंग काढून टाकला. 'काय बांधते' विचारायचं की 'कोणाले बांधते', यावर आजोबा आणि आई यांचंच एकमत होईना. मोठ्यांनाच जिथे दोन्ही चालतात तिथे मुलाकडून एकच बरोबर मागणं अन्यायाचं.

प्रत्यक्ष काम

एका परीक्षा पॅडवर तीन कार्डं चिमट्याने लावायची. पॅड आधी आपल्याकडे वळवलेला. पहिल्यांदा प्रश्न, मग पॅड त्याच्याकडे वळवायचा आणि प्रश्न एकदा परत म्हणायचा. कार्डं आधी दिसली की तो ऐकण्याआधीच निवडून मोकळा होई. पॅड वळवल्याने कानाला पहिली पाळी मिळाली.

एका फेरीत १२ प्रश्न: प्रत्येक शब्द चारदा, बरोबर कार्ड डावीकडे, मध्ये, उजवीकडे चार-चारदा, आणि एकच शब्द सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाही. हा क्रम आदल्या दिवशी कागदावर. ऐनवेळी मनाने क्रम लावतो म्हणणाऱ्याचा तक्ता पाहावा. बरोबर कार्ड मध्येच जास्त वेळा आलेलं सापडतं. विचारणाऱ्याची नजर कागदावर.

मदत अशी: सुरुवातीला प्रश्न संपतासंपताच आपण बोटाने बरोबर कार्ड दाखवायचं आणि त्याने हात लावायचा. मग दोन सेकंद थांबून, पुढे चार सेकंद. त्या वेळात त्याने स्वतः दाखवलं तर वेगळी खूण, मदतीने दाखवलं तर वेगळी. ही दोन प्रकारची उत्तरं एकत्र मोजली की प्रगती होत असल्याचा भास होतो. शून्य सेकंदाच्या मदतीत तर सगळीच बरोबर येतात. चुकलं तर पॅड वळवायचा, रागवायचं नाही, तोच प्रश्न मदतीसह परत, मध्ये एक सोपं काम, आणि पुन्हा तोच प्रश्न मदतीशिवाय.

बक्षिसात खाऊ टिकला नाही. फुटाणे दोन-चार झाले की तो उठून जायचा. त्याला फिरणारी वस्तू आवडते. शाळेच्या व्हरांड्यात एक मोडकी सायकल उलटी करून ठेवली. स्वतःहून आलेल्या उत्तराला पेडलचा एक फेरा, मदतीने आलेल्याला फक्त "शाब्बास". हा फरक त्याला लवकर कळला, आणि चार सेकंद संपायच्या आत बोट येऊ लागलं ते त्यामुळे, असं माझं मत आहे.

पहिले काही आठवडे तक्ता वाईट दिसला. जुन्या वहीतल्या रांगेशी तुलना करून सर म्हणाले, "पोरगा मागं तर नाही ना चालला?" त्यांना दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवावे लागले की जुन्या रांगेत 'टिम'लाही बरोबरची खूण मिळाली असती.

वेचणी आणि बहीण

दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली. आई सकाळी वावरात जाऊ लागली आणि घरचा सराव पाचवीतल्या बहिणीकडे आला. आठवड्याभरात घरचा तक्ता बाराला बारा. शाळेत मात्र सहा-सात. तिला मुद्दाम काही न सांगता समोर बसून बघितलं. प्रश्न विचारताना तिची हनुवटी बरोबर कार्डाकडे किंचित वळायची. भाऊ चुकू नये अशी तिची इच्छाच इतकी, की ते तिच्याही ध्यानात येत नव्हतं.

दोन पर्याय होते: घरचा सराव वेचणी संपेपर्यंत बंद करायचा किंवा बहिणीलाच शिकवायचं. बंद केला असता तर तक्ता स्वच्छ राहिला असता, पण दादूचा सगळ्यात हक्काचा माणूस कामातून बाद झाला असता. आम्ही जागा बदलली. ती आता समोर न बसता त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसते. पॅड समोरच्या भिंतीला टेकवलेला, तिची नजर कागदावर. घरचे आकडे एकदम उतरले आणि ती रडवेली झाली. "तू कमी शिकवलं नाही बाळा, आता तो खरंच आयकून सांगतोय," असं आईसमोर सांगितल्यावर ती सावरली. पुढे उलट तीच मला टोकायला लागली की मॅडम, तुम्ही कार्डाकडे पाहिलं.

निष्पत्ती

संक्रांतीच्या सुमारास तिन्ही प्रसंगांत, तिन्ही प्रश्न मिसळून, मदतीशिवाय १२ पैकी दहा-अकरा येऊ लागले, आणि तेही मी विचारो, सर विचारोत की बहीण. 'टिम?' परत विचारून पाहिलं. या वेळी त्याचा हात पॅडकडे निघाला आणि मध्येच थांबला. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तक्त्यात या खुणेला रकाना नव्हता, समासात लिहून ठेवलं.

मग न शिकवलेला प्रसंग ठेवला: शाळेतल्या स्वयंपाकी ताई, खिचडी, गंज (पातेलं). कोण वाढते, काय वाढते आलं. 'कोठी' डळमळलं. पाहिलं तर दोष आमच्या चित्रांतच सापडतो. टोपलं, गव्हाण, बंडी, गंज या जागाही आहेत आणि वस्तूही. टोपलं हे 'काय'चंही उत्तर होऊ शकतं. दादूने 'जागा' असं काही उचललं नव्हतं, 'कोठी म्हणजे ती तीन कार्डं' असं उचललं होतं. वावर, ओटा, विहीर, शाळेचं मैदान अशा निखळ जागा वाढवल्यावर नव्या प्रसंगांतही 'कोठी' सुधारलं, पण 'कोण'इतकं पक्कं ते अजून नाही.

'कुठे' मात्र फारसं शिकवावं लागलं नाही. 'कोठी'ला जी चित्रं, तीच 'कुठे'ला बक्षीस देऊन थोडे दिवस घेतली, आणि ज्या चित्रांवर 'कुठे' कधी विचारलंच नव्हतं तिथेही ते चाललं. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी एका मतिमंद मुलासोबत असंच काही दाखवलं होतं. ऐकलेला शब्द चित्राशी त्याला आधीच जुळवता येत होता. तोच शब्द छापील अक्षरांशी जोडून दिल्यावर अक्षरं आणि चित्रं तो न शिकवता जुळवू लागला. बोलीचं रूप आधी पक्कं करून त्याला प्रमाण रूप जोडायला सरांची आता हरकत नाही.

आणि "आजा काय खाते?" घरात विचारलं की दादू अजून कधी कधी ओट्याकडेच बघतो. आजोबांच्या हातात भाकर असेल तर भाकरीकडे बोट करतो, नसेल तर नाही. समोर नसलेल्या गोष्टीबद्दलचा प्रश्न हे वेगळं कौशल्य आहे आणि चित्रावरून ते आपोआप येईल असं मी कुणाला सांगणार नाही.

वेगळं काय करता येईल

असं दुसरं मूल आलं तर जागांची कार्डं पहिल्याच संचात निखळ जागांची ठेवीन, भांडी-टोपल्या मागून. नव्या प्रसंगाची चाचणी शेवटी न ठेवता महिन्यातून एकदा मध्येच घ्यावी, म्हणजे 'कोठी'सारखं अर्धवट शिकणं लवकर दिसतं. एकाच संचात दोन माणसांची कार्डं, म्हणजे माय आणि आजा दोन्ही समोर असताना 'कोण टाकते?' हा टप्पा आम्ही उशिरा घेतला. तो यायला हवाच, नाहीतर 'कोण म्हणजे जिथे चेहरा दिसतो ते' एवढ्यावर मूल थांबतं. 'कोठीऽऽ'चा ताण कमी करण्याची घाई आम्ही केली नाही आणि ते बरोबर ठरलं. 'कोठी'ला सुरुवातीपासून नेहमीच्या उच्चारात विचारलं असतं तर कदाचित वेळ वाचला असता, पण या मुलासोबत ती जोखीम मी पुन्हाही घेणार नाही.

'कवा' (कधी) आणि 'काहून' (का) यांना हात लावलेला नाही. 'कवा'चं चित्र काढता येतं, सकाळ-रात्रीचं, पण दादूला सकाळ-रात्र या शब्दांनी चित्र अजून दाखवता येत नाही, ते आधी. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, मधली सुट्टी लांब. पहिल्या आठवड्यात काही नवं घ्यायचं नाही असं सरांशी ठरलं आहे: जुनाच तक्ता, मदतीशिवाय, सरांनी विचारायचं. १२ पैकी नऊच्या खाली आलं तर पॅड, सायकल आणि चार सेकंदांपासून परत सुरुवात, नऊ किंवा जास्त आलं तर दोन माणसांचा संच.